फवारणीचे विष आणि अंगावरचे कापड

आंब्याला मोहोर फुटू लागला की आमच्या मुरुड, हर्णै, आसूद भागात फवारणीचे दिवस सुरू होतात. बागायतदाराला तुडतुड्यांची काळजी, मजुराला चार पैशांची रोजी आणि आम्हा कापडवाल्यांना पडून राहिलेला माल खपवण्याची संधी. फवारणीवाला दुकानात येतो आणि म्हणतो, "शेठ, सगळ्यांत स्वस्त शर्ट द्या, नाहीतरी खराबच व्हायचा आहे." आम्हीही वर्षानुवर्षे तेच करीत आलो. पातळ, विटलेला, डाग पडलेला माल काढून दिला आणि वर तोंडाला बांधायला एक रुमाल.

मागच्या हंगामात असाच एक मजूर थेट बागेतून दुकानात आला. शर्ट पाठीला चिकटलेला, अंगाला औषधाचा उग्र वास. त्याला आणखी एक रुमाल हवा होता. "औषध नाकात जाता कामा नये," असे तो म्हणाला. आम्ही विचारले, "आणि अंगावर पडते त्याचे काय?" तो हसून म्हणाला, "अंगाला काय होते शेठ, वर कातडी आहे ना!"

रुमाल आम्ही दिला, पण ते वाक्य मनातून गेले नाही. या विषयावर मिळेल ते वाचले, जाणकारांना विचारले, तेव्हा कळले की फवारणी करणाऱ्याच्या बाबतीत नाकापेक्षा कातडीचा हिशेब कितीतरी मोठा आहे. अमेरिकेत १९६० च्या सुमारास शेतात प्रत्यक्ष मोजमाप केले गेले, तेव्हाच दिसले की श्वासावाटे जाणाऱ्या औषधापेक्षा अंगावर पडणारे औषध कित्येक पटींनी जास्त असते. हा हिशेब आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंना ठाऊक असावा, कारण त्याचा एक मोठा भाग आपल्याच धंद्यातून, म्हणजे कापडातून जातो.

कातडी अडवते किती?

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. त्याची जाडी बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाएवढीच असते. विटांची भिंत चुन्याने सांधावी तशा या पेशी चरबीसारख्या पदार्थाने सांधलेल्या असतात. त्यामुळे पाणी सहसा आत शिरत नाही. पण तेलात विरघळणारा पदार्थ त्या चरबीतून वाट काढतो, आणि तो थोडाफार पाण्यातही विरघळत असेल तर पुढे रक्तापर्यंत पोहोचतो.

आता कीटकनाशकाचा विचार करा. किडीच्या अंगावर मेणचट कवच असते. ते भेदून आत जाणे हेच स्पर्शाने मारणाऱ्या औषधाचे काम. जे औषध किडीचे मेण ओलांडते, ते माणसाची चरबी ओलांडणारच नाही असे धरून चालता येत नाही. शिवाय कित्येक औषधे तेलासारख्या द्रावकात मिसळून डब्यात भरलेली असतात. तो द्रावकही वाट सोपी करतो.

मोजतात कसे?

औषध कातडीतून किती शिरते हे पाहण्याच्या काही रीती ठरलेल्या आहेत. पहिली रीत काचेच्या पात्राची. शस्त्रक्रियेत काढून टाकलेली माणसाची त्वचा दोन कप्प्यांच्या मध्ये पडद्यासारखी ताणून बसवतात. वर औषध लावतात आणि खालच्या कप्प्यातील द्रवात ठरावीक वेळेनंतर किती उतरले ते तपासतात. उरलेले औषध कातडीच्या कोणत्या थरात अडकले आहे हे पाहण्यासाठी चिकटपट्टी लावून थर एकेक करून उपसून काढतात. दुसरी रीत जिवंत उंदरांवरची. उंदराची कातडी बहुधा माणसापेक्षा जास्त औषध आत सोडते. म्हणून उंदराची आणि माणसाची कातडी काचेच्या पात्रात शेजारी शेजारी तपासून त्यावरून माणसाचा अंदाज बांधतात. या दोन्ही रीतींचे आंतरराष्ट्रीय नियम २००४ साली ठरले.

तिसरी रीत प्रत्यक्ष माणसावरची, आणि तिचा इतिहास दुःखद आहे. १९७४ साली फेल्डमन आणि मायबाख या अमेरिकन संशोधकांनी बारा कीटकनाशके आणि तणनाशके माणसांच्या हाताला, कोपराच्या खालच्या भागावर लावली आणि पाच दिवस लघवी गोळा करून किती शिरले ते मोजले. कार्बारिल सुमारे ७४ टक्के शिरले. मोनोक्रोटोफॉस १५ टक्क्यांच्या आसपास, पॅराथिऑन १० टक्क्यांच्या आसपास, मॅलॅथिऑन ८ टक्के, तर डायक्वाट हे तणनाशक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे कातडी एकच, पण प्रत्येक औषधाचा भाव वेगळा.

त्या काळात या संशोधकांच्या वर्तुळातील बरेच प्रयोग कॅलिफोर्नियातील व्हॅकव्हिल येथील तुरुंगात कैद्यांवर झाले होते आणि त्यात कीटकनाशकेही होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेने डिसेंबर २०२२ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. कैद्यांना पुरती कल्पना न देता, त्यांची योग्य संमती न घेता हे झाले, हे मान्य करण्यात आले. आज जगभर वापरले जाणारे आकडे अशा अंगांवरून आलेले आहेत. आणि आमच्या बागांतल्या मजुराला तरी कोण विचारते की बाबा, हे तुझ्या अंगावर पडले तर चालेल का?

अंगाच्या कोणत्या भागातून किती?

याच संशोधकांच्या गटाने १९७१ साली पॅराथिऑन हे एकच औषध अंगाच्या निरनिराळ्या भागांवर लावून पाहिले होते. कोपराखालच्या हातातून सुमारे ९ टक्के शिरले. तळहातातून १२ टक्के, पोटावरून १८ टक्के, हाताच्या पंजाच्या वरच्या बाजूने २१ टक्के, डोक्याच्या कातडीतून ३२ टक्के, कपाळावरून ३६ टक्के, काखेतून ६४ टक्के. आणि अंडकोशाच्या कातडीतून जवळजवळ सगळेच्या सगळे.

हे आकडे आमच्या बागेत नेऊन पाहा. हापूसची जुनी कलमे उंच असतात. नळी वर धरून फवारावे लागते. तुषार खाली येतात ते कपाळावर, मानेवर, डोक्यावर. हात वर असल्याने औषध बाहीतून ओघळत काखेत जाते. पाठीवरचा पंप गळका असला तर पाठीवरून कमरेत आणि कमरेतून जांघेत उतरते. म्हणजे औषध नेमके तिथेच जाते जिथे कातडी सर्वांत कमी अडवते. त्यात आमची दमट हवा आणि घाम. कातडी गरम आणि ओली असली की औषध आत जाण्याचा वेग वाढतो.

पाणी घातले म्हणून निर्धास्त?

मजूर म्हणतो, "औषध झाकणभर, बाकी पाणीच आहे." या समजुतीत अर्धे सत्य आहे. डब्यातले निखळ औषध अंगावर सांडणे सर्वांत घातक, यात शंका नाही. ३६ टक्के तीव्रतेच्या औषधाचा एक मिलिलिटर म्हणजे सुमारे ३६० मिलिग्रॅम विष. पण पाणी घातलेल्या औषधातून, पडलेल्या मालाचा मोठा हिस्सा आत शिरतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ साली नियम घालून दिला की एखाद्या औषधाची चाचणी झालेली नसेल, तर तेलकट द्रावकातले निखळ औषध २५ टक्के शिरते असे धरावे आणि तेच पाण्यात मिसळले की ७० टक्के शिरते असे धरावे. थोडा माल असला की कातडी तो जवळजवळ पूर्ण पचवते. जास्त असला की काही वरच राहतो.

दुसरी समजूत चुरचुरण्याची. डेल्टामेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखी औषधे तोंडावर उडाली की चुरचुरतात, मुंग्या येतात. मजूर त्यांना घाबरतो. खरे तर या जातीची औषधे कातडीतून रक्तात फार कमी जातात. सायपरमेथ्रिन माणसांवर मोजले तेव्हा ते एक टक्क्याच्या आसपासच गेले होते. उलट मोनोक्रोटोफॉससारखी औषधे अंगावर पडली तरी काहीच जाणवत नाही, आणि ती शिरतात. म्हणून "चुरचुरले नाही, म्हणजे लागले नाही" हा हिशेब खोटा आहे.

खरा हिशेब तीन ओळींचा आहे: पडले किती, शिरले किती, पेलवते किती. समजा दिवसभरात मजुराच्या कातडीपर्यंत २० मिलिग्रॅम औषध पोहोचले. त्यातले १० टक्के शिरले तर २ मिलिग्रॅम. मजुराचे वजन ५० किलो असेल तर किलोमागे ०.०४ मिलिग्रॅम. तेच ५० टक्के शिरले तर किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. आता ज्या औषधाची रोजची सुरक्षित मर्यादा समजा ०.०५ आहे, तिथे पहिला मजूर काठावर वाचला आणि दुसरा चौपट पुढे गेला. दोघांच्या अंगावर माल सारखाच पडला होता. तपासणाऱ्या संस्था याच रीतीने हिशेब मांडतात. या तीन ओळींपैकी "शिरले किती" आपल्या हातात फारसे नाही. "पडले किती" मात्र आहे, आणि तिथेच कापड येते.

यवतमाळचा धडा

हा हिशेब चुकला की काय होते, हे महाराष्ट्राने २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पाहिले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. मजूर त्या दाट पिकात शिरून फवारत होते आणि भिजलेल्या झाडांतूनच पुढे चालत होते. बॅटरीवर चालणारे पंप जोरात आणि बारीक तुषार सोडत होते. दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती. उकाडा प्रचंड होता. वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली, अनेकांना काही दिवस धड दिसेना. सरकारने विशेष तपास पथक नेमले. विदर्भातील पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिनचे मिश्रण, डायफेन्थियुरॉन अशा पाच औषधांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली गेली. पुढे २०२३ साली केंद्र सरकारने मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा हुकूम काढला.

त्या माणसांपैकी बहुतेकांच्या अंगावर साधा शर्ट आणि पँट होती, तीही भिजलेली. नाकाला रुमाल तर कित्येकांनी बांधला असेल.

कापड कधी वाचवते, कधी बुडवते

कापडाच्या बाबतीत एक गोष्ट आम्हालाही नवी वाटली. फवारणी करणाऱ्याच्या अंगावर किती औषध पडते हे मोजण्यासाठी शास्त्रज्ञ कापडच वापरतात. कपड्यांवर जागोजागी कापडी गाद्या टाचतात, किंवा आतून अख्खा सुती पोशाख घालायला देतात. काम संपले की तो पोशाख उतरवून बाही, पाठ, छाती, मांडी असे तुकडे कापतात आणि प्रत्येक तुकड्यात किती औषध मुरले ते तपासतात. सुती कापड का? कारण ते पटकन शोषून घेते आणि धरून ठेवते.

हाच गुण मजुराच्या अंगावर आल्यावर काय करतो? तुषार थोडे असले तर सुती कापड ते वरच्यावर टिपते आणि कातडी वाचवते. पण कापड एकदा भिजले की तेच औषध ते कातडीला चिकटवून ठेवते. मलमाची पट्टी बांधावी तसा तो परिणाम होतो. झाकलेल्या, ओल्या कातडीतून औषध उघड्या कातडीपेक्षा जास्त शिरते. म्हणून "भिजला तरी शर्ट तर होता" यात समाधान मानू नये. भिजलेला शर्ट ताबडतोब काढला पाहिजे.

आमच्या अनुभवाला आणि शास्त्राला पटणाऱ्या काही गोष्टी अशा:

मलमल, व्हॉइल, पातळ पॉपलीन फवारणीला निरुपयोगी. घट्ट विणीचे ड्रिल किंवा जीनचे कापड चांगले.

कापडाला स्टार्च करावे. अमेरिकेतील संशोधकांनी तपासले तेव्हा औषध खळीत अडकते आणि धुताना खळीबरोबर निघून जाते असे दिसले. आमच्या घरी भाताची पेज काढून कपड्यांना खळ देण्याची रीत होतीच. तिचा इथे असा उपयोग आहे. मात्र प्रत्येक धुण्यानंतर खळ नव्याने दिली पाहिजे.

शिलाई करणाऱ्या बंधूंनी फवारणीचा पोशाख शिवताना बाही पूर्ण ठेवावी, गळा बंद ठेवावा, खिसे ठेवू नयेत, कारण खिशात औषध साठते. खांदे, पाठ आणि मांडीचा पुढचा भाग दुहेरी करावा. पँट बुटांच्या बाहेरून येईल एवढी लांब असावी. पाठीवरच्या पंपाखाली आणि औषध मिसळताना पुढे बांधायला रेक्झिनचा किंवा जाड प्लॅस्टिकचा तुकडा वेगळा द्यावा. अख्खे अंग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले तर आमच्या हवेत माणूस उष्म्याने पडेल. लुंगीवर फवारणी करू देऊ नये.

कपडे रोज धुवावेत, घरच्या कपड्यांपासून वेगळे, गरम पाणी आणि भरपूर साबण वापरून. निखळ औषध सांडलेला कपडा धुऊन पुन्हा वापरू नये, टाकूनच द्यावा. हे कपडे बहुतेक घरी बायको किंवा आई धुते. तिच्याही हाताला कातडीच असते, हे लक्षात असू द्यावे.

या बाबतीत नवे कामही चालू आहे. बंगळूर येथील इनस्टेम या सरकारी संशोधन संस्थेने सुती कापडावर अशी रासायनिक प्रक्रिया केली की काही जातींचे कीटकनाशक कापडाला लागताच निष्प्रभ होते. त्याचा 'किसान कवच' नावाचा पोशाख डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीत प्रकाशित झाला. तो धुऊन पुन्हा वापरता येतो. किंमत चार हजार रुपये सांगितली गेली. आमच्या मजुराला एवढी रक्कम एकट्याने झेपणार नाही, पण चार बागायतदारांनी मिळून दोन पोशाख घेणे अवघड नाही.

डब्यावरचा त्रिकोण

औषधविक्रेत्या बंधूंसाठी एक गोष्ट. डब्यावरच्या चौकोनात खाली रंगीत त्रिकोण असतो. तो रंग पोटातून होणाऱ्या विषबाधेइतकाच कातडीतून होणाऱ्या विषबाधेवरही ठरलेला आहे. कातडीला लावल्यावर चाचणीतील निम्मे प्राणी मारणारी मात्रा किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, २०१ ते २००० असेल तर पिवळा, २००१ ते २०,००० असेल तर निळा, त्यापुढे हिरवा. ग्राहकाला डबा देताना हे दोन वाक्यांत सांगता येते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही औषध हाताळणाऱ्याला विष न झिरपणारे, धुता येणारे कपडे, कोपरापर्यंतच्या निम्म्या हाताला झाकणारे हातमोजे, चश्मा आणि बूट असावेत असे लिहिलेले आहे. पन्नास वर्षांहून जुना हा नियम आमच्या बागांत किती पाळला जातो, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी पाहावे.

मजुराला काय सांगावे

वर हात करून फवारताना हातमोजा बाहीच्या वरून घालावा आणि त्याची कड बाहेरून दुमडावी, म्हणजे ओघळ तिथे अडतो. फवारणी सकाळी लवकर, वाऱ्याकडे पाठ करून करावी. गळका पंप बागेत नेऊच नये.

नमाजी बांधवांसाठी एक खास सूचना. लघवीला जाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. इस्तिंजा करताना औषधाचा हात नेमका सर्वांत नाजूक कातडीला लागतो. जोहरच्या नमाजसाठी केवळ वजू पुरेसा समजू नये. वजूत मान, काख, पाठ येत नाही आणि साबणही नसतो. आधी कपडे बदलावेत, साबणाने अंग धुवावे, मग वजू करावा. औषध कातडीच्या वरच्या थरात तासन्‌तास साठून राहते आणि हळूहळू आत उतरत राहते. म्हणून संध्याकाळच्या अंघोळीपेक्षा लगेचची अंघोळ जास्त मोलाची. पाणी कोमट किंवा थंड असावे आणि घासून कातडी सोलू नये.

मळमळ, अति घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधारी, अंग फडफडणे यांपैकी काही दिसले तर आधी कपडे काढून अंग धुवावे आणि डबा सोबत घेऊन दवाखाना गाठावा. डब्यावरचे नाव वाचले की डॉक्टरांना उपचार ठरवणे सोपे जाते.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही हजरत मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण आपण सर्व जाणतो आणि अभिमानाने सांगतो. ज्या घामात आपल्या बागेचे विष मिसळले आहे, त्या घामाचा हक्क नुसत्या मजुरीने फिटतो का, याचा विचार व्हावा. आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे. या हंगामापासून फवारणीसाठी म्हणून कोणी कापड मागितले तर पातळ माल दाखवायचा नाही. ड्रिल दाखवायचे, नफा कमी घ्यायचा आणि रुमालाबरोबर या लेखातली चार वाक्येही द्यायची. अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजीबरोबर दुसऱ्याचा हक्क ओळखण्याची तौफीक देवो. आमीन.